यंत्राने मोजावे, उत्तर कोणी द्यावे?



आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो तेव्हा पुष्कळदा आमच्यासमोर हॉस्पिटलची फाइल उघडली जाते. बायॉप्सीच्या रिपोर्टातील एका ओळीवर बोट ठेवून घरातले विचारतात, "फादर, इथं ग्रेड दोन लिहिलीय. म्हणजे किती?" 'किती' ह्या शब्दापुढचा 'वर्षे' हा शब्द कोणी उच्चारत नाही, पण तो तिथे असतो. आम्ही डॉक्टर नाही, त्यामुळे उत्तर देत नाही. परंतु तो आकडा येतो कुठून, तो काढतो कोण आणि त्यावर कितपत विसंबावे, हा नुसता वैद्यकाचा प्रश्न नाही. आता तर तो आकडा काढण्याचे काम संगणकाकडे सोपवावे की काय, ह्यावर जगभर संशोधन चालू आहे. म्हणून ह्या रविवारी त्याविषयीच थोडा विचार करू. विषय फार पसरू नये ह्यासाठी एकच आजार घेऊ, फॉलिक्युलर लिम्फोमा.

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. मान, काख, जांघ येथे हाताला लागणाऱ्या गाठींतून तो बहुधा लक्षात येतो. त्याचे प्रकार अनेक आहेत. फॉलिक्युलर हा त्यांतला सावकाश चालणारा. काही रुग्णांना निदान झाल्यावर लगेच औषधही देत नाहीत, नुसते लक्ष ठेवतात. कित्येक जण ह्या आजारासह दहा वर्षांहून अधिक काळ जगतात. परंतु काहींच्या बाबतीत तोच आजार एकाएकी वेग घेतो. मंद कोणता आणि आक्रमक कोणता ह्याचा अंदाज यावा म्हणून गाठीला ग्रेड देण्याची पद्धत पडली.

ती कशी देतात हे बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि तिचे केसाहून कितीतरी पातळ काप काढून काचेवर घेतात. मग दोन रंग चढवायचे. पहिला हिमॅटॉक्सिलिन, जो मुळात मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळतो. त्याने पेशींची केंद्रे निळी-जांभळी होतात. दुसरा इओसिन, त्याने बाकीचे सारे गुलाबी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे गोल गोल पुंजके दिसतात, तेच फॉलिकल. पुंजक्यात लहान, चेमटलेल्या पेशी असतात, त्यांना सेंट्रोसाइट म्हणतात, आणि मोठ्या गोल पेशी असतात, त्या सेंट्रोब्लास्ट. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर असे दहा पुंजके निवडतात, प्रत्येकात एका दृष्टिक्षेत्रातल्या मोठ्या पेशी मोजतात आणि सरासरी काढतात. पाचपर्यंत आल्या तर ग्रेड १. सहा ते पंधरा, ग्रेड २. पंधराच्या वर गेल्या की ग्रेड ३. तिसऱ्या ग्रेडचेही दोन भाग आहेत. लहान पेशी अजून शिल्लक असतील तर '३ए', आणि मोठ्या पेशींचेच थर पसरले असतील तर '३बी'. मोजणीची ही रीत १९८३ साली मान आणि बेरार्ड ह्या दोघांनी मांडली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती आली.

आता थोडे गणित. एका दृष्टिक्षेत्राचे क्षेत्रफळ साधारण ०.१५९ चौरस मिलिमीटर धरतात. दहा क्षेत्रे मिळून झाले जेमतेम १.६ चौरस मिलिमीटर. काचेवरचा काप पंधरा मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद असेल तर तो २२५ चौरस मिलिमीटर भरतो. म्हणजे सबंध शेत पाहून पीक सांगायचे, पण प्रत्यक्षात मोजायचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही. कोणते दहा पुंजके निवडले त्यावर आकडा बदलू शकतो. मोठी पेशी आणि मोठी वाटणारी पेशी ह्यांतला भेद करताना डोळ्यांगणिक मत बदलू शकते. सकाळच्या पहिल्या स्लाइडला आणि संध्याकाळच्या शेवटच्या स्लाइडला माणूस तोच असला तरी त्याचे डोळे तेच नसतात. ह्या आजाराच्या ग्रेडवर पॅथॉलॉजिस्टांचे एकमत ६१ ते ७३ टक्क्यांपर्यंतच होते, असा आकडा संशोधनपर लेखांत अनेकदा दिला जातो. दर तीन-चार रिपोर्टांमागे एकाबाबत दुसरा तज्ज्ञ वेगळे म्हणू शकतो, असा त्याचा ढोबळ अर्थ.

ह्याच अडचणीवर अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००८-०९ च्या सुमारास काम केले. स्लाइडचे संगणकीय चित्र करायचे, त्यातले पुंजके यंत्राने शोधायचे, मग आकार, रंग आणि पोत पाहून मोठ्या पेशी वेगळ्या काढून मोजायच्या, अशी त्यांची रीत. यंत्र पॅथॉलॉजिस्टच्या जागी नव्हे, मदतीला असावे असा त्यांचा उद्देश होता. पंधरा मिलिमीटरच्या त्याच कापाचे चित्र पाव मायक्रॉनला एक ठिपका ह्या हिशोबाने घेतले तर साडेतीन अब्जांहून अधिक ठिपके होतात. माणूस ते सगळे पाहू शकत नाही. यंत्र पाहते, आणि शेवटच्या ठिपक्यालाही पहिल्याइतकेच पाहते. पुढे एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काचेऐवजी पडद्यावर अख्खी स्लाइड पाहून निदान करण्याच्या एका यंत्रणेला प्रथमच मान्यता दिली. त्यानंतर ह्या वाटेवर गर्दी वाढली.

इथे आमच्यासारख्या माणसाकडून वाचकांची एक अपेक्षा असते. फादर म्हणतील की यंत्राला हृदय नाही, माणसाच्या जिवाचा निवाडा माणसानेच करावा. आम्ही तसे म्हणणार नाही. सूक्ष्मदर्शकापाशी बसलेला डॉक्टर रुग्णाचा हात धरत नाही. बहुधा त्याने रुग्णाला पाहिलेलेही नसते. तो पेशी मोजत असतो, आणि मोजणी हे मुळातच यांत्रिक काम आहे. ते माणसाने केले म्हणून पवित्र होत नाही. थकलेल्या डोळ्यांनी ग्रेड ३ ऐवजी २ लिहिली गेली तर त्याची किंमत कोणी मोजायची? ती रुग्णच मोजतो, मानवी स्पर्शाचे गोडवे गाणारे नव्हेत. अचूक साधन हाताशी असताना निव्वळ जुन्याच्या ओढीने ते दूर ठेवणे हाही रुग्णावर अन्यायच आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर 'अँटिक्वा एट नोव्हा' ही टिपणी प्रसिद्ध केली. रुग्ण आणि वैद्य ह्यांच्या नात्याची जागा यंत्राने घेऊ नये, त्याने आजारपणातले एकाकीपण वाढेल, असा इशारा तीत आहे. तो योग्यच आहे. परंतु लिम्फोम्याच्या बाबतीत यंत्र येते ते पडद्यामागे, जिथे ते नाते मुळात नव्हतेच. तेव्हा नुसत्या जिव्हाळ्याच्या मुद्द्यावर हा प्रश्न सुटत नाही. अडचण दुसरीकडे आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाला ग्रीकांचे एक जुने कोडे भेटते. वाळूच्या ढिगातून एक कण काढला तर ढीग ढीगच राहतो. आणखी एक काढला तरी राहतो. मग तो ढीग नाहीसा कोणत्या कणाला होतो? मिलेटसच्या युबुलायडिसच्या नावावर हे कोडे सांगतात. तेव्हा आम्हांला तो पोरखेळ वाटला होता. पण पंधरा पेशी म्हणजे ग्रेड २ आणि सोळा पेशी म्हणजे ग्रेड ३, ह्या वाक्यात तेच कोडे माणसाच्या जिवावर बेतलेले आहे. सोळावी पेशी निसर्गात काही रेषा ओढत नाही. रेषा आपण ओढली, कारण औषध द्यायचे की थांबायचे हे कुठेतरी ठरवावे लागते. यंत्र पंधरा आणि सोळा ह्यांतला फरक आपल्याहून चोख सांगेल. ती रेषा तिथे असावी की नसावी हे मात्र ते मोजून सांगू शकत नाही.

ही काही तत्त्वज्ञाची हौस नव्हे. २०२२ साली ह्याच रेषेवरून तज्ज्ञांत दोन वाटा झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाचव्या आवृत्तीने बहुतेक फॉलिक्युलर लिम्फोम्यांना एकत्र धरून 'क्लासिक' म्हटले आणि १, २, ३ए ही ग्रेड देणे ऐच्छिक केले. त्याच वर्षी तज्ज्ञांच्या दुसऱ्या गटाने आंतरराष्ट्रीय एकमताचे वर्गीकरण मांडले, त्यात ग्रेड कायम राहिली. विचार करा, चाळीस वर्षे ज्या पेशी मोजल्या आणि ज्यांची मोजणी चोख व्हावी म्हणून यंत्रे घडवली, त्यांचा उपयोग किती ह्यावरच आता दुमत आहे. मोजायला सोपे असते ते महत्त्वाचे असतेच असे नाही. चोख मोजणीला मात्र एक मोहिनी असते. आकडा जितका नेटका, तितका तो खरा वाटू लागतो.

त्यातच आणखी एक गाठ आहे. यंत्राला शिकवायचे म्हणजे तज्ज्ञांनी ग्रेड दिलेल्या स्लाइड त्याला दाखवायच्या. म्हणजे ज्यांचे आपसांत जमत नाही म्हणून यंत्र आणले, त्यांचीच मते यंत्राचे पाठ्यपुस्तक. शिवाय एका प्रयोगशाळेतला गुलाबी दुसरीकडे किंचित जांभळट असतो. माणसाच्या डोळ्याला ते चालते. एकाच ठिकाणी शिकलेले यंत्र मात्र परक्या स्लाइडपुढे गोंधळू शकते.

ग्रेडचे हे असे. भविष्याचे काय? आमच्या मते खरा धोका तिथे आहे.

डिफ्यूज लार्ज बी-सेल हा लिम्फोम्याचा अधिक आक्रमक प्रकार. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २०२१ साली ह्या आजाराच्या २०९ रुग्णांच्या स्लाइडवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेशींच्या केंद्रांचा आकार, लांबी, रुंदी यंत्राने मोजून रुग्ण किती काळ जगला ह्याच्याशी त्याचा संबंध लावला. अंदाजाचा नेमकेपणा मोजण्याचा जो आकडा असतो तो ०.६३५ आला. सोप्या भाषेत सांगायचे तर तुलना करता येतील अशा रुग्णांच्या शंभर जोड्या घेतल्या, तर दोघांपैकी अधिक काळ कोण जगेल हे साधारण ६३-६४ जोड्यांत बरोबर निघते. नाणे उडवले असते तरी पन्नास निघाल्याच असत्या. पेशींच्या आकारात काहीतरी खूण आहे हे त्यातून कळले, आणि पुढे पडताळणी व्हायला हवी असे त्या संशोधकांनीच लिहिले. शास्त्रज्ञांची ही नम्रता फाइलमधून घरी पोहोचेपर्यंत गळून पडते. घरी पोहोचतो तो फक्त आकडा.

यंत्र नसलेल्या काळातही हे होतच होते. २००४ साली फॉलिक्युलर लिम्फोम्यासाठी 'फ्लिपी' नावाचा निर्देशांक आला. वय साठच्या वर आहे का, आजार किती पसरला आहे, हिमोग्लोबिन बाराच्या खाली आहे का, चारहून अधिक ठिकाणी गाठी आहेत का आणि रक्तातले एलडीएच वाढले आहे का, हे पाच प्रश्न. त्यांवरून तीन गट. दहा वर्षांनंतर पहिल्या गटातले शंभरातले ७१ जण जिवंत होते, दुसऱ्यातले ५१, तिसऱ्यातले ३६. हे आकडे खरे आहेत. पण कोणाचे? १९८५ ते १९९२ ह्या काळात ज्यांचे निदान झाले अशा चार हजारांवर रुग्णांचे. रिटुक्सिमॅब हे औषध, ज्याने ह्या आजाराची गती पालटली, त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९७ साली. म्हणजे निदान झाले तेव्हा ज्यांच्या हाती ते औषध नव्हते, त्यांची ही नोंद. आज एखाद्याला 'तुम्ही तिसऱ्या गटात, छत्तीस टक्के' असे सांगितले तर त्याच्याविषयी फारसे सांगितलेच जात नाही. दुसऱ्याच माणसांच्या आयुष्याचा हिशोब त्याच्या हातावर ठेवला जातो. भविष्य सांगणारे प्रत्येक यंत्र असेच भूतकाळावर पोसलेले असते.

ॲरिस्टॉटलने 'मेटाफिजिक्स'च्या आरंभीच वैद्याचा दाखला दिला आहे. शास्त्र सर्वसामान्याचे असते, पण वैद्य बरे करतो तो 'मनुष्य' नावाच्या कल्पनेला नव्हे, तर कॅलियासला किंवा सॉक्रेटिसला, नाव असलेल्या एका माणसाला. शंभरातले छत्तीस हे वाक्य शंभरांविषयी खरे आहे. त्या खाटेवर पडलेल्या एकाविषयी ते खरेही नाही आणि खोटेही नाही. तो एक तर जगेल किंवा जगणार नाही, छत्तीस टक्के जगणे कोणाच्याच वाट्याला येत नाही. (हिज्किया राजाला मिळालेल्या जादा पंधरा वर्षांची गोष्ट वाचकांना आठवली असेल. ती इथे जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. चमत्काराचा भरवसा देणे हाही आकड्याइतकाच सोपा मार्ग आहे.)

मग आकडा सांगूच नये काय? तसे नाही. उपचाराचे पैसे कसे उभे करायचे, मुलीचे लग्न पुढे ढकलायचे की अलीकडे आणायचे, दुबईच्या मुलाला बोलवायचे की नाही, हे निर्णय घरच्यांना घ्यावेच लागतात आणि अंदाजाशिवाय ते घेता येत नाहीत. रुग्णाला अंधारात ठेवून कुजबुजणाऱ्या कुटुंबांची आम्हांला चीड येते, हे इथे सांगून टाकतो. परंतु भविष्याचा आकडा हा तापमापकासारखा नसतो. तापमापक ताप वाढवत नाही. 'ह्यांचे काही खरे नाही' हा आकडा मात्र काम करू लागतो. डॉक्टर पुढचे औषध सुचवताना कचरतात, घरचे जमीन विकायला कचरतात, रुग्ण स्वतः जेवणावरून उठतो. मग तो लवकर गेला की आकडा बरोबर ठरतो, आणि त्याची नोंद पुढच्या यंत्राला शिकवण्यासाठी रुजू होते. आपण ज्याला आधीच सोडून दिले त्याचे मरण यंत्र निसर्गनियम म्हणून शिकते. ह्याला यंत्राचा दोष म्हणता येणार नाही. पण ज्याच्या हाती आकडा आहे त्याची जबाबदारी ह्यामुळे वाढते, कमी होत नाही.

जबाबदारी हाच शब्द आम्हांला इथे हवा होता. माणूस चुकतो, यंत्रही चुकते, कदाचित कमी चुकते. फरक असा की माणसाला जाब विचारता येतो. तुम्ही असे का म्हटलेत, पुन्हा पाहाल का, तुमच्या आईची गाठ असती तर काय केले असते, हे प्रश्न डॉक्टरला विचारता येतात आणि तो त्या प्रश्नांनी अस्वस्थ होऊ शकतो. यंत्र फार तर चित्राच्या कोणत्या भागावर त्याचा भर होता ते रंगवून दाखवील. ते दाखवणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. फ्रान्समधील टूलूझ येथील संशोधकांनी २०२० साली एक वेगळा प्रयत्न मांडला. फॉलिक्युलर लिम्फोमा आणि निव्वळ सुजलेली निरुपद्रवी गाठ ह्यांतला भेद ओळखणाऱ्या यंत्राला त्यांनी आपल्या उत्तरासोबत स्वतःची अनिश्चितताही मोजायला लावली. इथे खात्री नाही, माणसाने पाहावे, असे म्हणू शकणारे यंत्र. आम्हांला हे फार मोलाचे वाटते. तरीसुद्धा यंत्राने शंका कळवली तर ती ऐकायला कोणीतरी खुर्चीत असावे लागते. एका तासात किती रिपोर्ट निघाले ह्यावर ज्याचे मोल ठरते, त्या डॉक्टरला थांबून पुन्हा पाहायला सवड कोण देणार? यंत्राने वाचवलेला वेळ संशयास्पद स्लाइडवर खर्च होणार की आणखी स्लाइड उरकण्यात, हे यंत्र ठरवणार नाही. हॉस्पिटल चालवणारे ठरवतील, आणि फी भरणारे आपणही.

तोवर एक व्यवहाराची गोष्ट. रिपोर्टच्या तळाशी पॅथॉलॉजिस्टचे नाव आणि सही असते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांमार्फत त्यांना गाठून शंका विचारता येते. ग्रेड कोणत्या वर्गीकरणाप्रमाणे दिली आहे, दिली नसेल तर का, भविष्याचा आकडा कोणत्या काळातल्या रुग्णांवरून काढला आहे, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. गाठीची स्लाइड आणि मेणाचा ठोकळा प्रयोगशाळेत जपून ठेवलेले असतात. दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायचे आहे असे सांगून ते मागता येतात. पुष्कळ घरांना हे ठाऊक नसते, आणि ते फक्त कागदाची झेरॉक्स घेऊन दुसऱ्या हॉस्पिटलात जातात.